आयर्लंडची यादवी वाचायचीये? एक घर धरा

आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आयर्लंड म्हटलं की पोरं १९१६, १९२१, १९२२ घडाघडा म्हणून दाखवतात, आणि यादवी म्हणजे काय तर इंग्रजांशी झालेल्या तहाच्या बाजूचे विरुद्ध विरोधातले, संपला विषय. प्लीज असं वाचू नका, त्यात माणसं मेलीत. मी कसं वाचतो ते सांगतो.

तारखा एका पानावर लिहून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. एप्रिल १९१६ उठाव, १९१९ ते जुलै १९२१ इंग्रजांशी लढाई, डिसेंबरात तह (पूर्ण स्वातंत्र्य नाही, इंग्रज राजाच्या छत्राखाली स्वतःचं सरकार), जानेवारी १९२२ ला तो आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी पास, आणि जून १९२२ ते मे १९२३ यादवी.

मग एकच घर धरा. मी कॉर्कचे हेल्स बंधू घेतो. इंग्रजांविरुद्ध दोघं एकत्र लढले, टॉमचे तर पकडल्यावर हाल हाल केले होते, पण तह झाला आणि शॉन बाजूने, टॉम विरोधात. २२ ऑगस्ट १९२२ ला तहाच्या बाजूच्या सरकारचा सेनापती मायकेल कॉलिन्स मारला गेला, वय ३१, तेव्हा दबा धरून बसलेल्यांचा म्होरक्या टॉम होता, आणि कॉलिन्स त्याचा जुना दोस्त! ७ डिसेंबरला डब्लिनमध्ये शॉनला विरोधकांनी गोळ्या घातल्या. त्याचा सूड म्हणून सरकारने दुसऱ्याच दिवशी तुरुंगातले चार कैदी भिंतीशी उभे करून मारले, त्यातला रॉरी ओकॉनर म्हणजे ज्याने मंजुरी दिली त्या मंत्री केविन ओहिगिन्सच्या लग्नातला बेस्ट मॅन. लग्न होऊन वर्षाहून थोडंच जास्त झालं होतं. भाऊबंदकी काय असते हे शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्याला वेगळं सांगायला नको, तरी हे वाचून मी वही मिटून बसलो होतो.

आणि बंदूक हातात नसलेले मोजायला विसरू नका. १९१६ च्या मेलेल्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर इंग्रजांच्या गोळीबारात फुटबॉलची मॅच बघायला गेलेले आणि एक खेळाडू मिळून १४ जण गेले, त्यात १०, ११ आणि १४ वर्षांची तीन पोरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लढलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या घरच्यांच्या पेन्शनच्या फायली. आयर्लंडच्या मिलिटरी अर्काइव्ह्जच्या वेबसाइटवर फुकट आहेत, एकच उघडा पण सावकाश वाचा. घरात मिळवतं कोण, जमीन किती, गेलेला मुलगा घरी किती पैसे द्यायचा, हे सगळं आईने कागदावर सिद्ध करायचं. माझी आत्या दर नोव्हेंबरात काठी टेकत हयातीचा दाखला द्यायला जायची, मी सोबत असायचो, रांगेत ती फाइल छातीशी घट्ट धरून उभी राहायची, त्यामुळे मला तर ते अर्ज वाचताना तिचे हातच दिसतात. आणि फाइलवरचं साल आधी बघा, कारण जिंकलेल्या, म्हणजे तहाच्या बाजूच्या घरांसाठी १९२३ लाच कायदा झाला, हरलेल्यांच्या आयांना मात्र नुसता अर्ज करायलाही १९३२ उजाडावं लागलं.