अडुळशाचा रस: घरी कसा काढावा, कोणी टाळावा

अडुळसा ओळखायला सोपा आहे: समोरासमोर येणारी, दोन्ही टोकांना निमुळती, वीतभर लांब पानं आणि जांभळट रेषांची पांढरी फुलं. पानं इतकी कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर तो कुंपणाला लावतात. काळा अडुळसा म्हणतात ते झुडूप वेगळं, त्याची पानं अरुंद असतात. ते इथे चालणार नाही. खात्री नसेल तर आधी जाणत्या माणसाला दाखवा.

याचा मुख्य उपयोग म्हणजे छातीत चिकटून बसलेला कफ सुटणं. पानांतल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. नुसता घसा खवखवत असेल तर एवढा खटाटोप नको, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.

आता रस. खरी मेख इथेच आहे. कच्ची पानं कितीही वाटली तरी हाती चोथाच येतो. म्हणून पूर्ण वाढलेली, कीड नसलेली आठ-दहा पानं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. हिरवा रंग मळकट झाला, पान लोळागोळा झालं की काढा. गरम असतानाच खलबत्त्यात कुटा आणि स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळा. दाट, काळपट हिरवा रस निघतो. तो कोमट झाल्यावर त्यात चमचाभर मध घाला.

मोठ्या माणसाला एका वेळी दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 10 मिली, दिवसातून दोनदा पुरे. रस रोज ताजा काढा, उरलेला टाकून द्या. जास्त घेतला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात.

गरोदर बाईने तो अजिबात घेऊ नये, कारण व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. मधुमेह असेल तर मध वगळा. ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल असलेलं सिरप चालू असेल, तर त्यावर पुन्हा हा रस कशाला?

धाप लागत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर रस काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते.