प्लायमधून घरचं आर्केड कॅबिनेट उभं करताना

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि सुट्टीतली मुलं दुपारभर घरातच असतात. त्यांच्यासाठी व्हिडिओ गेमचं उभं कॅबिनेट करायचं असेल, तर लाकूडकाम फेब्रुवारी-मार्चमध्येच आटपा. कडक उन्हात प्लाय वाकते आणि जोड जुळवेपर्यंत फेविकॉल सुकायला लागतो.

18 मिमी जाडीच्या, 8 बाय 4 फुटांच्या दोन बीडब्ल्यूआर (ओलाव्याला दाद न देणाऱ्या) प्लाय घ्या. दुकानातच शीट उभी करून कडेवरून नजर टाका. बाक दिसला तर दुसरी मागा. सातपुड्याचा साग कितीही देखणा असला तरी त्याच्या रुंद फळ्या पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात. साग आतल्या पट्ट्यांना वापरा.

खरं काम आहे ते दोन बाजूंचं. त्या हुबेहूब सारख्या निघाल्या नाहीत तर पुढचं काहीच गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाही. उंची 66 इंच, खोली साडेतेवीस इंच धरा. शीट 48 इंच रुंद असते; दोन बाजू शेजारी-शेजारी काढताना ब्लेडच्या जाडीला जागा हवी, म्हणून पूर्ण 24 धरू नका. आधी पुठ्ठ्यावर आकार काढून भिंतीला टेकवा आणि समोर उभे राहा. उभ्याने खेळायला बटणांची पाटी जमिनीपासून 36 इंचांवर बरी पडते.

जिगसॉचं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीचं, पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या अंगाचे पापुद्रे उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवून, रेषेच्या 2 मिमी बाहेरून कापा. पहिली बाजू काचकागदाने घासून रेषेवर आणा. मग ती दुसऱ्या, जरा मोठ्या कापलेल्या बाजूवर क्लॅम्पने घट्ट आवळा आणि सनमायकावाल्या सुताराकडे असतो तो ट्रिमर, म्हणजे कडा छाटायचं हातयंत्र, फिरवा. त्यातली बिट (फिरणारं पातं) बेअरिंगची हवी, आणि तिची धार 18 मिमीपेक्षा लांब. बेअरिंग पहिल्या बाजूच्या कडेला टेकून धावतं आणि दुसरी तश्शीच निघते. हे पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

आतून 20 मिमी चौरस पट्ट्या फेविकॉल आणि 30 मिमी स्क्रूने बसवा. पट्टी आणि प्लाय मिळून 38 मिमी होतात, त्यामुळे स्क्रूचं टोक बाहेर येत नाही. आधी बारीक भोक पाडाच, नाहीतर सागाची पट्टी चिरते. आतली रुंदी 23 इंच ठेवली की 24 इंची मॉनिटर बसतो, कारण 24 हे त्याच्या पडद्याच्या कर्णाचं माप. सांगाडा जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच गोंद सुकू द्या.

बटणं आधी आणा, मग भोकं पाडा: काहींना 28 मिमी लागतात, काहींना 30. नुसती दाबून बसणारी बटणं 18 मिमी प्लायला धरत नाहीत, नटवालीच घ्या. होलसॉ (गोल भोक पाडायची करवत) चालवताना खाली टाकाऊ लाकूड दाबून धरा.

सनमायका लावणार असाल तर आतल्या अंगालाही लावा. एकाच अंगाला लावली तर फळी बाक धरते. उघड्या कडांना पट्टी किंवा रंग हवाच, कारण खानदेशात उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्याची ओली हवा प्लाय कडेनेच पिते. कॅबिनेट त्या झोतात ठेवू नका. मागच्या फळीला खाली आणि वर जाळी द्या, वरच्या जाळीला छोटा पंखा लावा, आणि ही फळी फक्त स्क्रूवर ठेवा. वायरिंगसाठी ती पुन्हा काढावी लागते.