गावातून एका दिवसाची बस सहल काढताय? या चुका टाळा

दिवाळी उरकली, सोयाबीन घरात आलं की विदर्भातल्या गावागावांत सहलीचं बोलणं निघतं. बचत गटाला सेवाग्राम-पवनार बघायचं असतं, शाळेला लोणार आणि सिंदखेड राजा, तरुण मंडळाला चिखलदरा. कापसाची वेचणी आणि तुरीची सवंगणी यांच्या मधले दिवस यासाठी सगळ्यात सोयीचे. सहल बिघडायची ती बहुतेकदा आधीच्या पंधरवड्यातच बिघडते: ठिकाणांची यादी करताना आणि गाडी ठरवताना. म्हणून इथे त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

यादीत पाच ठिकाणं

ही सगळ्यात मोठी चूक. "एवढ्या दूर जातोच आहोत तर तेही बघू" म्हणत यादी वाढत जाते आणि शेवटी सगळी ठिकाणं खिडकीतूनच बघावी लागतात.

हिशेब कागदावर मांडा. गतिरोधक, बैलगाड्या, गावांतली गर्दी धरून मोठी बस आपल्या रस्त्यांवर ताशी सरासरी ४० किलोमीटर जाते, चांगला चौपदरी मिळाला तर ५०. गुगल मॅप दाखवतं ती वेळ कारची असते, तिच्यात किमान चौथा हिस्सा मिळवा. समजा ठिकाण १२० किलोमीटरवर आहे. सकाळी ६ ला निघालात, वाटेत नाश्त्याला अर्धा तास गेला, तर पोहोचायला साडेनऊ. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो. परतीचा निम्मा तरी रस्ता उजेडात कापायचा तर ४ ला निघायला हवं. हातात राहिले साडेसहा तास, त्यातला एक जेवणाचा. ५० माणसं उतरायला, गोळा व्हायला आणि परत चढायला दर थांब्याला २० मिनिटं घेतात. पाच ठिकाणं म्हणजे १०० मिनिटं नुसत्या चढउतारात गेली, आणि दोन ठिकाणांमधला प्रवास अजून धरलेलाच नाही.

दोन मोठी ठिकाणं आणि वाटेवरचं एक छोटं, एवढंच एका दिवसात नीट होतं. सेवाग्राम, पवनार आणि वाटेत वर्ध्याचं मगन संग्रहालय किंवा गीताई मंदिर, हा दिवस भरपूर झाला. त्याला नागपूर जोडू नका. सेवाग्राममध्ये आदि निवास, बा कुटी, बापू कुटी हे सगळं एकाच आवारात आहे, त्यामुळे अर्ध्या तासात होईल असं वाटतं. पण कुटीच्या खोल्या लहान आहेत, तिथे ५० जण एकदम शिरले की कोणालाच काही दिसत नाही आणि जागेची शांतताही जाते. १२-१५ जणांचे गट करा आणि दोन तास ठेवा. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले, एवढं आणि कुटीतल्या वस्तूंबद्दल दोन गोष्टी बसमध्येच सांगून ठेवल्या तर आत गेल्यावर बोलावं लागत नाही.

क्रमही चुकतो. दमवणारं ठिकाण नेहमी आधी घ्या. लोणार आणि सिंदखेड राजा एका दिवसात करायचं तर लोणार सकाळी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून तळ्यापर्यंतचा उतार शंभर मीटरहून जास्त. उतरताना काही वाटत नाही, चढताना गुडघे बोलतात, आणि दुपारी १२ नंतर तो चढ ज्येष्ठांना झेपत नाही. खाली कोण जाणार हे बसमध्येच ठरवा. जे उतरणार नाहीत त्यांना गावातलं दैत्यसूदन मंदिर दाखवा, तिथे चढउतार नाही आणि कोरीवकाम निवांत बघण्यासारखं आहे. जेवून मग सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा. दुपारच्या उन्हात भिंतींची सावली मिळते आणि मोती तलाव त्याच गावात आहे.

तारीख ठरवण्याआधी त्या ठिकाणाचा सुट्टीचा दिवस विचारा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ पासूनचा अजब बंगला, सोमवारी बंद असतं. गर्दीचा दिवसही विचारात घ्या. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जायचं असेल तर जिजाऊ जयंतीच्या सोहळ्यासाठीच जा. त्या दिवशी गाड्या लांब लावाव्या लागतात, वाडा निवांत बघायचं जमत नाही.

गाडी ठरवताना

एसटीची अख्खी बस भाड्याने मिळते, त्याला आगारात 'प्रासंगिक करार' म्हणतात. अर्ज आगार व्यवस्थापकाकडे द्यायचा, अनामत भरायची. इथे तीन गैरसमज नेहमी होतात.

पहिला अंतराचा. भाडं तुमच्या गावापासून मोजलं जात नाही. आगारातून गाडी निघाली की किलोमीटर सुरू होतात आणि आगारात परत गेली की थांबतात. गाव आगारापासून ३० किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर जादा धरा. शिवाय दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, तेवढे झाले नाहीत तरी तेवढ्याचे पैसे लागतात. हा आकडा अर्ज करतानाच विचारा.

दुसरा सवलतीचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. पण ती सवलत नेहमीच्या फेऱ्यांच्या तिकिटाला. करारावर घेतलेल्या गाडीचं भाडं माणशी नसतं, गाडीचं असतं. बचत गटाच्या अध्यक्षांनी "अर्ध्या भाड्यात होईल" असं सांगून वर्गणी गोळा केली की नंतर तोंडघशी पडायची वेळ येते. शालेय सहलीला मात्र करारात ५० टक्के सवलत आहे, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी लागते. आणि गट १५-२० बायांचाच असेल तर करार कशाला? नेहमीच्या फेरीने अर्ध्या तिकिटात वर्ध्यापर्यंत जा आणि पुढे ऑटो करा. खूप स्वस्त पडतं.

तिसरा आसनांचा. लाल परीत साधारण ४०-४५ जण बसतात. "लहान पोरं मांडीवर बसतील" हे धरून ५५ नावं लिहू नका.

खासगी ट्रॅव्हल्स ठरवताना एका कागदावर लिहून घ्या: गाडीचा नंबर, एकूण किलोमीटर, त्यावर गेलं तर दर किलोमीटरला किती, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता कोणाकडे, गाडी बंद पडली तर दुसरी किती वेळात. एसी गाडी असेल तर घाटात एसी चालू ठेवणार का, हेही विचारा, कारण चढावर तो बंद करतात आणि मग बंद खिडक्यांत सगळे घामेजतात. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. नंबर लिहून घ्यायचं कारण साधं आहे: दाखवतात एक गाडी आणि पहाटे येते दुसरी.

आपल्याकडे आणखी एक चूक होते, ती राज्याच्या सीमेची. मुक्तागिरी परतवाड्याहून जवळ आहे म्हणून ते अमरावती जिल्ह्यातच आहे असं वाटतं, पण ते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात येतं. नागपूरकडून जातात ती जामसावळीही मध्य प्रदेशातच. महाराष्ट्रापुरतं परमिट असलेली गाडी तिकडे नेली तर तपासणीत अडकते आणि दंड कोणी भरायचा यावर भांडण होतं. अशी ठिकाणं यादीत असतील तर ती नावं आधीच सांगून, परमिट कुठपर्यंत चालतं ते बघूनच गाडी ठरवा.

वर्गणी काढताना एकूण खर्चाला ५० ने भागू नका. समजा बसचे १८,००० आणि टोल, भत्ता, प्रवेश, पार्किंगचे ३,००० असे २१,००० झाले. ५० ने भागले तर ४२० येतात. पण ऐन वेळी पाच-सहा जण गळतातच. ४४ ने भागा, ४७७ येतात. ५०० घ्या, उरलेले परत करा. परत करणं सोपं आहे, पुन्हा मागणं अवघड.

बायांच्या लघवीचा प्रश्न

यावर कोणी बोलत नाही आणि निम्मी सहल यानेच त्रासदायक होते. वाटेत सोय नाही हे माहीत असल्यामुळे बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, घाटात उलट्या वाढतात, घरी गेल्यावर लघवीला जळजळ. आणि आयोजकांना वाटतं, ऊन लागलं.

हिशेब इथेही करा. २५ बाया, दोन संडास, प्रत्येकीला ३ मिनिटं: जवळपास ४० मिनिटं. हा वेळ वेळापत्रकात धरलेला नसेल तर "चला, उशीर होतोय" अशी ओरड सुरू होते आणि अर्ध्या जणी तशाच परत बसतात. दर दीड तासाला एक थांबा ठेवा. मोठा पेट्रोल पंप, बसस्थानक किंवा बरं हॉटेल आदल्या दिवशी फोन करून ठरवा, पाणी आहे का ते विचारा. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर जास्त काळजी घ्या, तिथे वाटेल तिथे गाडी उभी करता येत नाही. मग्गा, साबण, जुनी वर्तमानपत्रं आणि सॅनिटरी पॅडची एक पिशवी एका बाईकडे द्या आणि ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना सांगा.

पाणी थंडीतसुद्धा माणशी ३ लिटर. ५० जणांना १५० लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार. ते मागच्या दाराजवळ किंवा आपत्कालीन खिडकीखाली रचू नका.

शिदोरी आंबते ती का

पहाटे ४ ला तळलेल्या पुऱ्या गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरतात आणि झाकण घट्ट लावतात. आत वाफ धरते, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, पुऱ्यांवर गळतात आणि दुपारी १ ला पुऱ्या चिकट, भाजी आंबूस. पुऱ्या सुती कापडावर पसरून पूर्ण निवू द्या, मग कापड घातलेल्या टोपलीत भरा. माणशी सहा धरल्या तर ५० जणांना ३०० पुऱ्या, कणीक ५ ते ६ किलो. बटाट्याची भाजी कोरडी करा, कांदा-टमाटर टाळा, सांबार (कोथिंबीर) वरून तिथेच घाला. वरण-भात, कढी, दह्याचं काहीही डब्यात नेऊ नका. जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दशम्या, गूळ हे दिवसभर टिकतं. गॅस सिलिंडर बसमध्ये नेऊन वाटेत स्वयंपाक करायची हौस काही मंडळांना असते. तो बसमध्ये चढवूच नका.

घाटातल्या उलट्या

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याहून वर जाताना वळणांमागून वळणं येतात. ज्यांना त्रास होतो त्यांना घाटाच्या पायथ्याशी पुढच्या आसनांवर आणा, मागच्या चाकांच्या वर बसवू नका. सकाळी पोट रिकामंही नको आणि तेलकट नाश्त्याने भरलेलंही नको. गोळी घ्यायची तर घाटाच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. गरोदर बाया आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. खिडकीतून डोकं बाहेर काढून उलटी करणं धोक्याचं, समोरून येणारी गाडी हातभर अंतरावरून जाते. एकात एक घातलेल्या दोन पिशव्या प्रत्येक आसनाला लावून ठेवा.

वर गेल्यावर गाविलगड जेवणाआधी करा. किल्ला आत खूप पसरलेला आहे, चपला घालून आणि भरल्या पोटी तो होत नाही. घाटात आणि जंगलात नेटवर्क जातं. उतरण्याआधीच परत जमायची जागा आणि वेळ सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या.

मोजणी आणि परतीचा रस्ता

डोकी मोजू नका, नावं घ्या. डोकी मोजली की मागे उभा असलेला चहावाला पोरगाही मोजला जातो. दहा-दहाचे गट, प्रत्येकाला एक प्रमुख, आणि "माझे दहा आले" असं त्याने सांगितल्यावरच गाडी हलवा. यादीच्या दोन प्रती ठेवा, एक बसमध्ये, एक गावात, सोबत घरचा फोन नंबर.

निघण्याआधी आपत्कालीन दार स्वतः उघडून बघा. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तेव्हापासून तरी हे दार, खिडकी फोडायचा हातोडा आणि अग्निशामक कुठे आहे हे प्रवाशांना दाखवणं कोणी विसरू नये.

चालकासाठी कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तुम्ही किल्ला बघत असताना त्याला झोपू द्या, फोटो काढायला बोलावू नका. जेवणही वेळेवर आणि हलकं द्या. रात्री आपल्या रस्त्यांवर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात, कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. "जरा दाबा हो, उशीर झाला" असं चालकाला कोणीही म्हणू नये, अशी सक्त सूचना सकाळीच द्या.

गाडी बंद पडलीच तर सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीच्या मागे ५० मीटरवर त्रिकोणी फलक किंवा फांद्या ठेवा. कोणी गाडीच्या मागे किंवा सावलीला तिच्याखाली बसू नये. एसटी असेल तर जवळच्या आगाराला कळवा, खासगी असेल तर कागदावर लिहिलेल्या वेळेची आठवण करून द्या. कोणाला लागलं असेल तर १०८. मग गावात ज्याच्याकडे यादी आहे त्याला फोन करा आणि सगळ्यांच्या घरी एकच निरोप जाऊ द्या.