आतड्याचा जोड गळतो का, हे टेबलावरच बघून घ्या

(दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नव्याने हात घालणाऱ्या सर्जन मित्रांसाठी)

वरचं आतडं गुदाशयाला जोडणारा स्टेपलर बाहेर आला की आधी त्यातले दोन्ही डोनट, म्हणजे जोडताना कापून आलेल्या आतड्याच्या गोल कड्या, बोटावर घेऊन पाहा. कडी कुठे तुटलेली असेल तर ती वरच्या आतड्याची की गुदाशयाची, हे तिथेच ओळखा. कड्या अखंड निघाल्या म्हणून हवेची टेस्ट, म्हणजे जोड पाण्यात बुडवून गुदद्वारातून हवा भरून बुडबुडे बघणं, सोडायची नाही. घाई सगळ्यांनाच असते, भूलवाल्या डॉक्टरांना जरा जास्तच.

पेल्व्हिसमधलं, म्हणजे ओटीपोटाच्या तळातलं, रक्त ओढून घ्या. गढूळ पाण्यात बुडबुडा दिसत नाही. टेबलाचं डोकं फार खाली असेल तर थोडं वर आणा, नाहीतर सलाईन यकृताकडे पळतं. जोड पूर्ण बुडेपर्यंत कोमट सलाईन सोडा. जोडाच्या वर आतडं मऊ क्लॅम्पने हलकेच दाबा. हवा भरायला सिग्मॉइडोस्कोप (गुदद्वारातून घालायची दुर्बीण) असेल तर उत्तमच. नसेल तर फोलीज् कॅथेटर (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) आणि मोठी सिरिंज चालते. फक्त फुगा फुगवू नका, जोड खाली असेल तर त्यालाच धक्का लागतो. गुदद्वार मदतनिसाने बोटांनी आवळून धरायचं.

आता नजर आतड्यावर. ते फुगलंच नाही तर हवा खालून निसटतेय, आणि ती टेस्ट धरायची नाही. इथेच बरेच जण फसतात. फुगल्यावर मागची बाजूही फिरवून पाहा. आतड्यांच्या वळणात अडकलेला गॅस एक-दोन बुडबुडे सोडून थांबतो. गळती एकाच जागेवरून माळ लावते.

छिद्र लहान आणि समोर असेल तर टाका घाला, टेस्ट पुन्हा करा. मोठं असेल किंवा हात पोचत नसेल तर जोड नव्याने करा, नाहीतर वर इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतडं पोटावर उघडून शौच पिशवीत घेणं. पिशवीची शक्यता नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगा. "काहून जी डॉक्टरसाहेब, संडासची जागा पोटावर?" हा प्रश्न मध्यरात्री ऑपरेशन थिएटरबाहेर ऐकण्यापेक्षा वॉर्डात ऐकलेला बरा. पिशवीची खूणही पेशंटला बसवून करा. धोतर किंवा साडीची गाठ येते ती जागा टाळा.

बुडबुडे आले नाहीत तरी रक्तपुरवठा कमी असेल, जोडावर ताण असेल, तर तो पुढे सुटू शकतो. बहुतेकदा पहिल्या आठ-दहा दिवसांत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद. तिकडच्या पेशंटला शहरातल्यासारखी लवकर सुट्टी देऊ नका. नाडी विनाकारण शंभराच्या वर राहिली, पोट फुगलं किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या वर गेला, तर सीटी स्कॅन करूनच पुढचं ठरवा.