ट्रेनर विमानाचे अपघात: इंजिनाच्या आधी कशाची काळजी करावी

फ्लाइंग शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरून पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. हवेत बंद पडलं तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या सरावासाठी प्रशिक्षणात पुरेसा वेळही दिलेला असतो. पण आधी शिकताना आणि पुढे शिकवताना अपघातांचे जे अहवाल वाचले, त्यांतल्या बहुतेकांत इंजिन व्यवस्थित चालू होतं. हवा स्वच्छ होती, धावपट्टी समोर होती. बिघडत चाललेली गोष्ट सावरण्याच्या नादात वैमानिकाने ती सोडून द्यायला उशीर केला, एवढंच.

विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत जास्त मोडतोड लँडिंगला होते. जीव सहसा वाचतो. प्रोपेलर आणि नोजव्हील वाचत नाहीत. पहिली उसळी क्वचितच घातक असते, घात होतो तो तिच्यावरच्या प्रतिक्रियेने. विमान उसळलं की नाक वर दिसतं, घाबरून योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलला जातो, मग नोजव्हील आधी आपटतं आणि विमान आधीपेक्षा जोरात उडतं. हाताची हालचाल आणि विमानाची हालचाल यांचा ताल चुकत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या उडीत पुढचा स्ट्रट (चाकाचा दांडा) मोडतो, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि फायरवॉलला (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुती पडते. उसळी बारीक असेल तर नाक आहे तिथे धरून ठेवा आणि विमानाला पुन्हा टेकू द्या. मोठी असेल तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. तिसरा पर्याय शोधत बसू नका.

उसळीचं मूळ बहुतेकदा आधीच्या वेगात असतं. सेस्ना 172 एस च्या हँडबुकमध्ये पूर्ण फ्लॅपसह (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्यांसह) अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा वेग 60 ते 70 नॉट्स दिला आहे. नवे विद्यार्थी ‘जरा सुरक्षित’ म्हणून 75 वर येतात. मग विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, पट्टी संपत आल्यासारखी वाटते आणि ते जबरदस्तीने खाली बसवलं जातं. सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) दिवशी शेजारची सीट रिकामी असल्यामुळे विमान हलकं असतं, भराभर चढतं आणि उतरताना नेहमीपेक्षा जास्त तरंगतं. हे इन्स्ट्रक्टर आधी सांगतात, तरी सोलोला सगळे दचकतातच.

गो-अराउंडकडे विद्यार्थी नापास झाल्याच्या नजरेने बघतात, त्यामुळे निर्णय फार खाली गेल्यावर होतो. त्यात ती कृतीही वाटते तितकी सोपी नाही. उतरण्यासाठी ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी योजना) मागे लावलेलं असतं. अशात पूर्ण पॉवर दिली की नाक आपोआप वर उठतं आणि ते जोर लावून खाली धरावं लागतं. उजवा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) हवा. फ्लॅप एकदम काढले तर विमान खाली बसतं, म्हणून टप्प्याटप्प्याने. सगळं नीट चाललेलं असतानाही दर काही लँडिंगमागे एक गो-अराउंड मुद्दाम मागून घ्या. ज्याला ती सवयीची वाटते, तो वेळेवर घेतो.

आता सर्किटमधल्या (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या चौकोनी फेरीतल्या) त्या वळणाबद्दल, जिथे माणसं खरोखर मरतात: बेसवरून (धावपट्टीला आडव्या बाजूवरून) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेत) येणारं वळण. डाव्या सर्किटमध्ये वारा बेसवर पाठीमागून असेल तर विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं जातं. विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं की कमी उंचीवर 30 अंशांपेक्षा जास्त बँक (विमानाचा एका बाजूला कल) करायचा नाही. मग नाक रेषेवर आणायला तो नकळत डावा रडर दाबतो. बाहेरचा पंख वेगाने फिरतो, बँक वाढू लागतो. तो थांबवायला उजवा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान कलवणारी पट्टी) दिला जातो. नाक खाली झुकतं, म्हणून योक मागे ओढला जातो. आता आतल्या पंखाचा एलेरॉन खाली आहे, म्हणजे त्याच पंखाचा हवेशी असलेला कोन सर्वांत जास्त आहे. तो आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरण्याची ताकद गमावतो, आणि विमान आतल्या बाजूला उलटतं. उंची पाचशे फुटांच्या आसपास असते. स्पिन (गिरक्या घेत खाली पडणं) सावरायची पद्धत तोंडपाठ असली तरी तिथे जागाच नसते.

स्टॉल वेग कमी झाल्यामुळे होतो असं डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात तो पंखाच्या हवेशी असलेल्या कोनामुळे होतो. बहुतेक लहान विमानांचे पंख साधारण 15 ते 18 अंशांच्या कोनापलीकडे हवा सोडतात, मग वेग काहीही असो. सरळ उडताना 50 नॉट्सला स्टॉल होणारं विमान, उंची राखून घेतलेल्या 30 अंशांच्या वळणात 54 च्या आसपास स्टॉल होतं आणि 60 अंशांच्या वळणात 71 ला. म्हणून रेषा ओलांडली तर ओलांडू द्या. बँक मध्यम ठेवा, रडर बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) मध्ये ठेवण्यापुरताच वापरा, आणि जमत नसेल तर वर जाऊन पुन्हा या. हा प्रकार सुरक्षित उंचीवर, स्पिनची परवानगी असलेल्या विमानात इन्स्ट्रक्टरकडून एकदा करवून बघा. वाचून तो किती झटक्यात होतो ते कळत नाही.

तर मग इंजिन. ते बंद पडतं तेव्हाही कारण पुष्कळदा वैमानिकाच्या आवाक्यातलं निघतं. पेट्रोल संपणं हे त्यातलं सर्वांत लाजिरवाणं. काटे भरवशाचे मानू नका. डिपस्टिक टाकून डोळ्यांनी बघा. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर नमुना काढायचा. 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं आणि पाण्याचा थेंब तळाशी वेगळा दिसतो. सगळाच नमुना रंगहीन दिसला तर ‘स्वच्छ आहे’ म्हणून खूश होऊ नका, ते निव्वळ पाणीही असू शकतं. पायपरच्या पीए-28 मध्ये एका वेळी डावी किंवा उजवी अशी एकच टाकी चालते. दुसरी भरलेली असताना इंजिन थांबलेल्या विमानांच्या गोष्टी त्यामुळेच ऐकू येतात.

कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात बर्फ ही वेगळी भानगड. बाहेर 20 अंश तापमान आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो, कारण व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत) तापमान एकदम उतरतं. आरपीएम हळूहळू घसरतो आणि विद्यार्थी थ्रॉटल थोडा थोडा पुढे करत राहतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढल्यावर इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. त्या क्षणी घाबरून ती बंद करू नका.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर समोरच्या अर्धवर्तुळातच उतरायचं. मागे वळायचा मोह जबरदस्त असतो. पण 180 अंश वळून भागत नाही. विमान धावपट्टीच्या बाजूला येतं, आणखी वळून रेषेवर परतावं लागतं, आणि हे सगळं इंजिनाविना, उंची गमावत. मघाचं फायनलचं वळण आणि हे वळण एकाच घरातली भावंडं आहेत.

सेस्नात बसल्यावर सीट रुळावर नीट अडकली आहे का, हे स्वतः हलवून बघा. टेकऑफला सीट मागे सरकली की हातातला योकही मागे ओढला जातो. यातून झालेल्या अपघातांमुळे 1987 साली रुळांच्या तपासणीचा आदेश निघाला, तो आजही लक्षात ठेवावा असा आहे.

हवामानाबद्दल एकच आकडा. इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये केलेल्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचं काही दिसत नसल्याच्या स्थितीत ठेवलं. नियंत्रण सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. ढग पुढे दिसतो तेव्हा वळा, आत गेल्यावर नव्हे.

टक्कर मात्र बहुधा स्वच्छ हवेत, दिवसा, विमानतळाजवळच होते. काचेत एका जागी स्थिर दिसणारं आणि नुसतं मोठं होत जाणारं विमान तुमच्याच दिशेने येत असतं. उंच पंखाच्या विमानाला वरचं दिसत नाही, खालच्या पंखाच्याला खालचं. हे दोघे एकाच फायनलवर आले तर एकमेकांना न दिसता एकमेकांवर उतरू शकतात. रेडिओवर स्वतःची जागा सांगा, पण डोळे बाहेर.

आणि कॉकपिटमध्ये दोघे असताना विमान नेमकं कुणाच्या हातात आहे, हा घोळ उड्डाणाआधीच मिटवा. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं, समोरच्याने ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणत सोडायचं, आणि पहिल्याने ‘आय हॅव कंट्रोल’ पुन्हा उच्चारायचं. हात सगळेच काढतात, पाय विसरतात. पेडलच्या वरच्या भागावर राहिलेला पाय म्हणजे दाबलेला ब्रेक, आणि तसंच विमान टेकलं की टायर फाटतो. पाय जमिनीवर ठेवा.