झोक्याखाली टायरचा चुरा अंथरताय? या चुका टाळा

थेट काळ्या मातीवर चुरा ओतणं ही खास आपल्या मराठवाड्यातली चूक. लातूरकडच्या एका बागेचं उद्घाटन मे महिन्यात ठरलेलं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. मी म्हटलं, आधी मुरूम टाका. ठेकेदार म्हणाला, "भेगा चुऱ्यानंच बुजतील की!" बुजल्या. जुलैत माती फुगली, चिखल वर आला, चुरा खाली गेला. झोक्याखाली पोरांच्या पायांनी असा काला झाला की धड माती नाही, धड रबर नाही. चाळून बघितलं, पण ओली काळी माती चाळणीतून पडते होय? सहा ट्रॉल्या माल वाया गेला, आणि निस्तरायला पुन्हा मीच.

तेव्हापासून फूटभर माती उकरल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. मुरूम दाबायचा, पाण्याला उतार काढायचा, वर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), कडेला विटांची कड, मग चुरा. कापडाऐवजी खताची रिकामी पोती अंथरणारे महाभाग आहेत. त्यातून पाणी मुरत नाही आणि दाताळं लागलं की ती फाटतात.

जाडीत काटकसर नको. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत 10 फुटांपर्यंतच्या उंचीवरून पोर पडलं तर त्यासाठी 6 इंच सुटा चुरा सांगितलाय. आपल्याकडे 2 इंचांत फोटो काढून बिल निघतं! झोक्याखालचा चुरा तर रोज पायानं उडतो. तो दाताळ्यानं परत ओढायला माणूस नेमा.

ऊन. पारा 42 वर गेला की काळं रबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. मी दुपारी दोनला तळहात टेकवून दहापर्यंत मोजतो. नाही जमलं, तर आधी सावलीची जाळी, मग घसरगुंडी.

झाडांच्या आळ्यात हा चुरा टाकू नका. तो कुजत नाही, मातीला काही देत नाही, वर त्यातलं जस्त झिरपतं. तिथं सोयाबीनचं भुसकट बरं. आणि झाडलेला पाचोळा जवळपास पेटवू नका, टायर पेटलं की बादल्यांना दाद देत नाही.

राहिल्या तारा. टायरमध्ये पोलादी तार असते आणि स्वस्त मालात ती राहते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून मी प्रत्येक पोत्यातून फिरवतो. तारा चिकटल्या की पोतं परत. "लई वेळ जातो" म्हणणाऱ्या नवख्यांना सांगतो, मग यावर अनवाणी चालून दाखव. अजून कुणी चप्पल काढलेली नाही.