स्पेन बघायचाय? आधी पुस्तकं आणि पिक्चर

सुरुवात 'डॉन किहोते' या सर्व्हांतेसच्या कादंबरीपासून करा असं सगळे सांगतात, पण ते जाडजूड आहे, अर्ध्यात सुटतं. त्यापेक्षा आधी यादवी युद्ध पकडा, १९३६ ते ३९, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट लागत नाही. ऑर्वेलचं 'होमेज टू कॅटलोनिया' घ्या, तो स्वतः लढायला गेला होता, गळ्यात गोळी लागली तरी वाचला, आणि बार्सिलोनात डाव्यांचीच आपसात कशी जुंपली ते वाचून डोकं चक्रावतं.

मग 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' बघा. १९७३ चा, म्हणजे ते युद्ध जिंकून हुकूमशहा झालेला फ्रँको जिवंत असतानाचा, त्यामुळे उघड कोणी काही बोलतच नाही, सगळं घरातल्या शांततेत दडलंय. स्लो आहे हां, मोबाइल लांब ठेवा. त्यानंतर 'पॅन्स लॅबिरिंथ', त्याची गोष्टही फ्रँकोच्याच काळातली पण जास्त रक्तरंजित, मुलांना दाखवू नका.

एवढं झालं की स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारचा 'व्होल्वेर', हलकाफुलका, सुरुवातीलाच भन्नाट वाऱ्यात कबरी पुसणाऱ्या बायका. हा ला मांचाचा भाग, म्हणजे किहोतेचाच, तो राक्षस समजून ज्यांना भिडतो तशा पवनचक्क्या तिथल्या कोन्सुएग्राला अजून उभ्या आहेत. आता किहोते उघडा, पहिला भाग १६०५ चा, तेवढाच वाचला तरी चालतंय.

प्रत्यक्ष गेलात तर माद्रिदला रेना सोफिया म्युझियममध्ये पिकासोचं यादवी युद्धावरचं चित्र 'गेर्निका' बघाच, आणि ग्रानाडातल्या अल्हांब्रा राजवाड्याचं तिकीट मात्र आधीच बुक करा.